साठवलेले सात पॉइंट कधी वापरायचे?

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. मी ४७ वर्षांचा, मूळचा साताऱ्याचा. गेली बारा वर्षं कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहतो. शिकारीचा नाद इथंच लागला, ऑफिसातल्या मित्रांमुळे. दरवर्षी म्यूल डियरच्या (इथल्या मोठ्या कानांच्या हरणाच्या) अर्जात पहिल्या पसंतीला फक्त पॉइंटचा कोड टाकत आलो आणि दुसऱ्या पसंतीला मिळेल त्या टॅगवर, म्हणजे शिकारीच्या परवान्यावर, शिकार केली. असे ७ प्रेफरन्स पॉइंट, म्हणजे सोडतीत पुढचा नंबर देणारे गुण, जमलेत. सप्टेंबरच्या सुरुवातीला उंच डोंगरात रायफलचा जो छोटा हाय-कंट्री सीझन असतो, त्यातलं एक युनिट (शिकारीचा आखून दिलेला भाग) मनात भरलंय. तिथं इथल्या रहिवाशांना गेली दोन वर्षं ६ पॉइंटवर टॅग मिळालाय. पण ओळखीतले जुने शिकारी म्हणतात, थांब, नोव्हेंबरच्या चौथ्या सीझनचं नावाजलेलं युनिट घे, तसा बक (नर) आयुष्यात एकदाच दिसतो. तिथं सहा वर्षांपूर्वी १२ पॉइंट लागायचे, गेल्या वर्षी १५ लागले. माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण चालतो व्यवस्थित. सोबत यायला एकच मित्र तयार आहे. त्याच्याकडे २ पॉइंट आहेत आणि तो एच-वन-बी व्हिसावर आहे. बायको म्हणते, वापरून टाका एकदाचे. काय करू?"

उत्तर:

यंदाच वापरा. एक अट आहे, ती पुढे सांगतो. आधी त्या नावाजलेल्या युनिटचा विषय संपवू, कारण तुमचा जीव तिथं अडकलाय.

सहा वर्षांत तिथली रेघ, म्हणजे टॅगला लागणारे पॉइंट, १२ वरून १५ वर गेली, म्हणजे दर दोन वर्षांना एक पॉइंट. तुम्ही वर्षाला एक कमावता, म्हणजे दर वर्षी त्या रेघेच्या अर्धा पॉइंट जवळ सरकता. आज अंतर आठ पॉइंटांचं आहे. ते भरून निघायला सोळा वर्षं लागतील. तेव्हा तुमच्याकडे २३ पॉइंट असतील आणि वय ६३ असेल. हेसुद्धा रेघ याच चालीनं सरकत राहिली तर. तिनं वर्षाला एकचा वेग धरला, तर अंतर आठाचं आठच राहील, तुम्ही कितीही अर्ज भरा. कारण साधं आहे: टॅग तेवढेच राहतात आणि तुमच्यासारखीच वाट बघणारी माणसं रांगेत तुमच्या पुढे उभी असतात. जुने शिकारी "थांब" म्हणतात तेव्हा बहुतेकदा ते स्वतः त्या रांगेत आधीच वर पोचलेले असतात. त्यांचा सल्ला त्यांच्यापुरता बरोबर आहे.

शिवाय सोळा वर्षांचं गणित मांडावं इतकी ही व्यवस्था स्थिर राहिलेली नाही. २०२८ पासून कोलोरॅडोची सोडत बदलायचं ठरलंय आणि टॅग निव्वळ पॉइंटांच्या उतरंडीनं देणं बंद होणार आहे. वरच्या पायरीवर पोचणं म्हणजे टॅग पक्का, हा आजचा हिशोब त्यानंतर जसाच्या तसा लागू राहणार नाही. ज्याच्याकडे मधल्या पायरीचे पॉइंट आहेत आणि ते आत्ता कुठंतरी चालतात, त्यानं हे मनावर घ्यावं.

हे सगळं नवीन असलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आपल्याकडे म्हाडाच्या सोडतीत दहा वर्षं अर्ज करणारा आणि पहिल्यांदाच करणारा एकाच डब्यात असतो. कोलोरॅडोत तसं नाही. १९९९ पासून इथं हरणाचा प्रत्येक परवाना ठरावीक संख्येतच निघतो. अर्ज केला आणि पहिली पसंती मिळाली नाही, किंवा मुद्दाम पॉइंटचा कोडच टाकला, की एक पॉइंट जमा होतो. परवाने वाटताना जास्त पॉइंटवाले आधी. पहिली पसंती मिळाली की जमा असलेले सगळे पॉइंट शून्य होतात, मग त्या टॅगला लागले कितीही असोत. सध्याच्या नियमात दुसऱ्या पसंतीवर मिळालेल्या टॅगला मात्र पॉइंट जात नाहीत, आणि आमच्या पत्रलेखकानं याचा उत्तम उपयोग केलाय. सात वर्षं नुसतं बसून पॉइंट गोळा करणारे लोक मी बघितलेत. टॅग हाती येतो तेव्हा त्यांना हरणाचं पोट फाडायचं कसं हेही धड येत नसतं. तुम्ही दरवर्षी रानात गेलात, हे तुमच्या सात पॉइंटांपेक्षा मोठं भांडवल आहे.

"सगळे शून्य होतात" या नियमाचा अर्थ नीट लक्षात घ्या. दोन पॉइंटवर मिळणाऱ्या टॅगला सात घातले, तर पाच फुकट गेले. पंधराच्या टॅगसाठी सात धरून बसलात, तर सातही निरुपयोगी. पण सहावर मिळणाऱ्या टॅगला सात, हे जवळपास नेमक्या मापाचं आहे. एक जास्तीचा पॉइंट हाताशी असणं चांगलंच, कारण रेघ मध्येच एखाद्या वर्षी उडी मारते.

ती उडी ओळखायला कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ दरवर्षी सोडतीचा गोषवारा छापतं, तो काढा. प्रत्येक हंटचा एक कोड असतो. डी म्हणजे हरीण, एम म्हणजे नर, मग युनिटचा तीन आकडी क्रमांक, मग सीझन, शेवटी आर म्हणजे रायफल. तुमच्या कोडचं पान उघडा आणि शेवटची रेघ "६" एवढंच वाचून थांबू नका. सहा पॉइंटवाले अर्जदार किती होते आणि त्यांतल्या किती जणांना मिळाला, ते बघा. सहावाल्या सगळ्यांना मिळाला असेल आणि खाली पाचवाल्यांतही काही जणांना लागला असेल, तर सातवर तुम्ही निर्धास्त. सहावाल्यांतल्या मोजक्यांनाच मिळाला असेल, तर उरलेले सगळे यंदा सातवर येऊन तुमच्या शेजारी उभे राहणार. मग एकूण टॅग किती आणि सात व त्याच्या वर किती माणसं उरलीत, हे मोजावं लागेल. रहिवासी आणि बाहेरचे यांचे तक्ते वेगळे असतात. घाईत भलताच तक्ता वाचला जातो, तेवढं सांभाळा.

आता डोंगराबद्दल, कारण खरा निर्णय तिथं आहे.

चौथा सीझन आणि हाय-कंट्री सीझन हे एकाच शिकारीचे दोन दर्जे नाहीत. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात बक माजावर आलेले असतात, बर्फानं खाली उतरलेले असतात आणि दिवसाढवळ्या माद्यांच्या मागे फिरतात. तिथं गाडीरस्त्याजवळूनही मोठं जनावर दिसू शकतं. पासष्टीचा माणूसही ती शिकार करतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तेच बक झाडांच्या हद्दीच्या वर, साडेतीन हजार मीटर आणि त्याहून उंच असलेल्या उघड्या खोऱ्यांत असतात, दोन-दोन चार-चार नरांच्या टोळक्यांनी. शिंगांवर मखमल असते किंवा नुकतीच उतरायला लागलेली असते. मखमल झडली की ते झाडीत शिरतात आणि दिसेनासे होतात. म्हणून हा सीझन लहान आणि म्हणूनच इतका मोलाचा. तो ठरावीक विल्डरनेस भागांतच, म्हणजे कायद्यानं राखलेल्या रानांतच, चालतो. तिथं मोटार नाही, सायकलसुद्धा नाही. वायोमिंगमध्ये विल्डरनेसमध्ये मोठी शिकार करायला बाहेरच्या माणसाला गाइड किंवा तिथला रहिवासी सोबत घ्यावाच लागतो. कोलोरॅडोत तशी सक्ती नाही. पायी किंवा घोड्यावर, स्वतःच्या जबाबदारीवर.

म्हणजे ही शिकार पायांची आणि फुप्फुसांची आहे. फोर्ट कॉलिन्स साधारण दीड हजार मीटरवर आहे. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर. तुम्ही राहताच जवळजवळ कळसूबाईवर, आणि तिथून अजून दोन हजार मीटर वर जाऊन पाठीवर तंबू, पाणी, रायफल घेऊन रात्री काढायच्या आहेत. ४७ व्या वर्षी, गुडघा शाबूत असताना हे जमतं. ६३ व्या वर्षी जमेलही, पण त्यावर सात पॉइंट लावू नका. तुमच्या दोन पर्यायांपैकी एक शिकार म्हातारपणी करता येण्यासारखी आहे आणि दुसरी नाही. जी नंतर जमणार नाही, ती आत्ता करा. पॉइंट शून्यावर आले तरी पुढच्या वर्षापासून पुन्हा साठतातच. चौथ्या सीझनची बरीच युनिटं नावाजलेल्या युनिटापेक्षा कितीतरी कमी पॉइंटवर मिळतात आणि साठाव्या वर्षी ती तुमच्या हातात असतील.

गुडघ्याबद्दल एकच. तो चढताना बोलत नाही, उतरताना बोलतो, तेही पाठीवर मांस असताना. जुलैत पंचवीस किलोची सॅक भरून एखाद्या उंच खिंडीत चढा आणि तीच सॅक घेऊन उतरा, काठ्या वापरून. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरून बघा. त्यानंतर तुम्हाला माझ्या सल्ल्याची गरज उरणार नाही.

मांसाचा हिशोब यापेक्षा गंभीर आहे. वयात आलेल्या म्यूल डियरचं हाडं काढून केलेलं मांस तीस किलोच्या आसपास भरतं. त्यात शिंगं, रायफल आणि तळाचं सामान धरा. एकट्याच्या दोन खेपा होतात, वाट आठ-दहा किलोमीटरची असेल तर दीड-दोन दिवसांचं काम. सप्टेंबरच्या सुरुवातीला रात्री पाणी गोठतं, पण दुपारचं ऊन कडक असतं आणि निळ्या माश्या तासाभरात येतात. जनावर पडलं की लगेच कातडं उतरवा, मांडी आणि फऱ्या वेगळ्या करा, कापडी पिशव्यांत घालून उत्तरेच्या सावलीत वारा लागेल असे टांगा. खायचं मांस रानात टाकून येणं हा इथं गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी ते लाजिरवाणंच. म्हणून मित्र हवाच.

पण मित्रासोबत एकत्र अर्ज करू नका. इथं गटाचा अर्ज केला की सगळ्यात कमी पॉइंट असलेल्या सदस्याचे पॉइंट गटाला लागतात. तुमचे सात आणि त्याचे दोन मिळून अर्ज दोनवर धरला जाईल आणि सहाच्या टॅगला लागणार नाही. त्याहून वाईट म्हणजे, दोनवर मिळणारं एखादं युनिट तुम्ही दोघांनी मिळून घेतलंत, तर त्याचे दोन जातील आणि तुमचे सातही जातील. अर्ज तुम्ही एकट्यानं करा. मित्र सोबती म्हणून येऊ द्या: दुर्बीण लावायला, तळ सांभाळायला, मांस वाहायला. त्याचे दोन पॉइंट वाढत राहतील आणि चार-पाच वर्षांनी त्याच्या टॅगवर तुम्ही ओझं वाहायला जा. त्याला हे आजच सांगा, म्हणजे त्याला आपण नुसते हमाल म्हणून चाललोय असं वाटणार नाही.

तो एच-वन-बीवर आहे, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायची मुळात मनाई आहे. वैध शिकार परवाना जवळ असेल तर सूट मिळते, पण परवान्याची मुदत संपली की सूटही संपते. "जरा धर रे माझी रायफल, मी खडकावर चढतो" हेसुद्धा त्याच्यासाठी साधं राहत नाही. त्याच्याकडे त्या तारखांना चालू असलेला परवाना आहे का, हे कागद काढून बघा. शंका असली तर त्यानं बंदुकीला हात लावू नये आणि आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं. ग्रीन कार्ड झालेल्यांना ही अडचण नाही.

आता ती अट. ऑगस्ट मोकळा हवा. टॅगचा निकाल मे-जूनपर्यंत कळतो, आणि नुसता सप्टेंबरचा आठवडा सुट्टी काढून अनोळखी खोऱ्यात गेलात, तर सात पॉइंट गिर्यारोहणावर खर्च केल्यासारखं होईल. जुलैअखेर ते ऑगस्टअखेर शक्य तितके शनिवार-रविवार त्याच डोंगरात काढा. उजाडायच्या आधी धारेवर पोचायचं, पाठीशी खडक घ्यायचा, दुर्बीण तिकाटण्यावर लावायची आणि समोरचं खोरं पट्ट्यापट्ट्यानं वाचायचं. या दिवसांत बक अजून लालसर असतात. हिरव्या गवतावर सकाळच्या तिरप्या उन्हात ते ठळक दिसतात. आठ-नऊ वाजले की चरणं संपतं आणि ते खडकाच्या पट्ट्याखाली किंवा खुरट्या झाडांच्या सावलीत बसतात. नेमका कोण कुठं बसला, हे त्या वेळेत टिपलंत तर काम झालं. मोठा नर ओळखायला त्याचे कान वापरा. टवकारलेल्या कानांच्या टोकांमधलं अंतर वीस-बावीस इंच असतं, त्याच्या दोन्ही बाजूंना शिंगं किती बाहेर जातात ते बघा. पण शिंगांपेक्षा अंगावर नजर ठेवा: जड मान, खाली आलेलं पोट, पाठीचा किंचित खोलावा. तो पाच-सहा वर्षांचा बक. दुपारी बारानंतर ढग जमायला लागले की धार सोडायची. तिथल्या विजा मी फार जवळून पाहिल्यात, त्यात हिशोब चालत नाही.

नोकरीमुळे, घरच्या कार्यामुळे किंवा भारतवारीमुळे यंदाचा ऑगस्ट जाणार असेल, तर पहिल्या पसंतीला पुन्हा पॉइंटचा कोड टाका आणि पुढच्या वर्षी जा. एक वर्ष थांबायला हे कारण पुरेसं आहे. "अजून मोठा बक मिळेल" हे नाही.

थांबायला आणखी एकच कारण मला पटतं: हिवाळा. २०२२-२३ च्या हिवाळ्यात क्रेग, मीकरकडच्या वायव्य कोलोरॅडोत हरणं मोठ्या संख्येनं मेली आणि तिथले परवाने एकदम कापले गेले. २००७-०८ मध्ये गनिसन खोऱ्यात हरणांना चारा घालायची वेळ आली होती. अशा हिवाळ्यात आधी पाडसं जातात, आणि माजात वाळलेले मोठे नरही. त्या वर्षीची पाडसं गेली, की चार-पाच वर्षांनी त्या वयाचे बकच रानात कमी दिसतात. परवाने कापले की पॉइंटांची रेघ वर उसळते, ती वेगळीच. अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते, म्हणजे मार्चअखेरपर्यंत हिवाळा कसा गेला ते कळलेलं असतं. त्या भागाच्या वन्यजीव जीवशास्त्रज्ञाला फोन करा. ते सरळ बोलतात आणि त्यांना असे प्रश्न आवडतात. उन्हाळी कुरणं उंचावर असली, तरी हरणं हिवाळा काढतात ती दरी कुठली, हे विचारा. मरतात ती तिथं.

त्याच फोनवर सीडब्ल्यूडीबद्दलही विचारा. हरणांचा हा मेंदूचा रोग १९६७ साली तुमच्याच फोर्ट कॉलिन्समध्ये, बंदिस्त हरणांत पहिल्यांदा दिसला. नरांत तो माद्यांपेक्षा जास्त आढळतो. काही युनिटांत डोकं तपासणीला देणं सक्तीचं असतं. नसलं तरी द्या, आणि निकाल येईपर्यंत मांसावर नाव-तारीख घालून फ्रीझरमध्ये वेगळं ठेवा. रोग निघाला तर ते खाऊ नये, असाच आरोग्य खात्याचा सल्ला आहे.

अर्ज भरताना आधी पात्र परवाना विकत घ्या, त्याशिवाय सोडतीत शिरता येत नाही. पहिली पसंती तुमच्या हाय-कंट्री युनिटचा कोड. दुसरी पसंती नेहमीसारखी, घराजवळची मादी किंवा ऑक्टोबरचा सोपा टॅग. पहिली लागली नाही तर दुसरीवर शिकार होईल आणि आठवा पॉइंटही जमा होईल. टॅग लागला की पुस्तिकेत आखून दिलेल्या विल्डरनेसची हद्द फोनच्या नकाशात उतरवून घ्या. तिथं नेट नसतं, आणि हद्दीबाहेर पडलेलं जनावर तुमचं नाही. नारिंगी किंवा गुलाबी जाकीट आणि टोपी घेऊन ठेवा. रायफल सीझनला ते बंधनकारक आहे आणि त्याच दिवसांत धनुष्यवाले आणि ट्रेकर त्याच वाटांवर असतात.

मार्चमध्ये गोषवाऱ्याचं पान वाचून सातवाल्यांची गर्दी जास्त वाटली, तर तो तक्ता मला पाठवा. मुदतीच्या आत मी नक्की बघून देईन.